ज्याचं येणं वहीत नाही

भिवंडीच्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देऊन ते बिमावर गुंडाळणाऱ्या कारखान्यात, मी मेहताजी होतो. बिमांची नोंद माझ्याकडे असे, म्हणून चार-सहा मागांचा नवा कारखानदार कोणाच्या आधारानं उभा राहतो ते मी जवळून पाहिलं. त्याच्याशेजारी बसून त्याला धंदा शिकवणारा माणूस कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही. मागांची गणना होते, त्याची होत नाही.

ही रीत जुनी आहे. 1857नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर इथे आले, तेव्हा हातमागाची विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. पुढे वीज आली. लोकांना यंत्रमागाकडे वळवण्याचं श्रेय गावात खानसाहेब समदशेठ यांना देतात. 18 जानेवारी 1982ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काम भिवंडीकडे वळलं. गिरण्यांनी भंगारात काढलेले माग इथल्या गाळ्यांत चालू लागले. हात रिकामे झालेले काही गिरणी कामगारही आले. माझ्या मते भिवंडीची खरी शाळा तेव्हा भरली.

माग लावून देणारा जॉबर धोटा, फणी आणि तारांचा ताण शिकवी. हिशेब मात्र जुना कारखानदार शिकवी, कागदाच्या चिटोऱ्यावर. माग मिनिटाला 130 पिकं, म्हणजे आडव्या धाग्याचे फेरे, मारतो, कापडाला इंचामागे 52 हवीत. म्हणजे तासाला 150 इंच, 12 तासांच्या पाळीत साधारण 45 मीटर. मग तो त्यातून तुटलेले तार, कांडी बदलणं, गेलेली वीज वजा करायला लावी. हाती 30-35 मीटर उरत. सूत देणाऱ्याकडून घ्यायची मजुरी ठरवायची ती या आकड्यावर, 45वर नव्हे. हे न समजल्यामुळे बुडालेले गाळे मी पाहिले आहेत.

पण शिकवणारा बहुधा सूत देणाराच असे. बीम त्याचं, उचल त्याची, तयार कापडही त्याच्याच घरी जायचं. माग कसा चालवावा हे तो मनापासून सांगे. ‘मजुरी वाढवून मागून घे’, असं तो कसा सांगेल? ज्याचं येणं आपल्या वहीत नाही असा सल्लागार छोट्या माणसाला हवा होता, आणि तोच मिळाला नाही. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट 1992पासून तरुण उद्योजकाला एकेक मार्गदर्शक जोडून देतो, पुण्यातही त्याचं काम आहे. तसा एक-एक माणूस आमच्या गल्ल्यांतून बसायला हवा होता, असं मला आजही तळमळून वाटतं.

2017च्या जुलैत जीएसटी आला. जुन्या उस्तादांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कारखानदारांची मुलं सीएकडे गेली. सीए विवरणपत्र भरून देतो. आठ माग चालू ठेवायचे, की ते वजनावर विकून गाळा गोदामाला द्यायचा, हे तो सांगत नाही.