थायरॉइडचे औषधच पिण्याच्या पाण्यात आले तेव्हा

"डॉक्टर, आमच्या घरात कुणालाच थायरॉइड नाही, मग मलाच कसा झाला?" हा प्रश्न तुम्हीही विचारला असेल. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटलेली असते. पण पाण्यातली काही रसायनेही या ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. त्यातल्या एका रसायनाची, परक्लोरेटची, ही गोष्ट.

थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेऊन त्यापासून हार्मोन बनवते. आयोडीन ज्या वाटेने ग्रंथीत शिरते, ती वाट परक्लोरेट अडवते. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी याचा फायदा करून घेतला. ज्यांची थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करत होती, अशा पेशंटना ते पोटॅशियम परक्लोरेट देऊ लागले, रोज काहीशे मिलिग्रॅम. पण १९६० च्या दशकात काही पेशंटच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणेच थांबले, काही दगावले, आणि औषध मागे पडले.

इकडे रॉकेटच्या घन इंधनासाठी अमोनियम परक्लोरेट मोठ्या प्रमाणावर तयार होत होते. ते पाण्यात सहज विरघळते आणि लवकर नष्ट होत नाही. १९९७ मध्ये अगदी सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत आली आणि ते कॅलिफोर्नियातल्या अनेक विहिरींत सापडले. कोलोरॅडो नदीतही सापडले. तिथला माग नेवाडातल्या हेंडरसनच्या कारखान्यांपर्यंत गेला.

मग किती चालेल? २००५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सुरक्षित प्रमाण सांगितले: वजनाच्या दर किलोमागे रोज ०.०००७ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ०.०४२ मिलिग्रॅम. निरोगी माणसांच्या ग्रंथीवर ज्या मात्रेचा परिणाम दिसला नव्हता, तिच्याही दहापट कमी! इतकी सावधगिरी कुणासाठी? पोटातल्या बाळासाठी. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते. आईला आयोडीनच कमी मिळत असेल, तर थोडा अडथळाही महागात पडतो.

यातून तुम्ही काय घ्यायचे? पाण्यातले परक्लोरेट घरी मोजता येत नाही, पण आयोडीन पुरेसे घेणे आपल्या हातात आहे. 'सैंधव चांगले' म्हणून आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. गरोदरपणाचा विचार असेल तर टीएसएच तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि रसायनांच्या बातम्या वाचून थायरॉइडची चालू गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.