गिटार ध्वनिवर्धकावरील टोन व व्हॉल्यूम नियंत्रणे

विद्युत् गिटारकडून येणाऱ्या क्षीण संकेताची पातळी आणि त्यातील मंद्र, मध्य व तार कंप्रतांचे परस्परप्रमाण ठरविणारी, ध्वनिवर्धकाच्या पट्टीवरील फिरती बटणे (पहा : गिटार; ध्वनिवर्धक).

आरंभीच्या अनेक ध्वनिवर्धकांवर एकच टोन बटण असे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बासमन’मध्ये बेस, मिडल, ट्रेबल व प्रेझेन्स ही स्वतंत्र बटणे आली आणि पुढे इंग्लंडमधील मार्शलच्या ‘जेटीएम 45’ने तेच मंडल जवळजवळ जसेच्या तसे घेतले.

या मंडलातील पहिली तीन बटणे रोधक व धारित्र यांवर चालतात. ती कोणतीही कंप्रता वाढवीत नाहीत, केवळ कमीअधिक घटवितात आणि एक फिरविले की इतरांचा परिणामही बदलतो. त्यामुळे सर्व बटणे मध्यावर ठेवली, तरी प्रतिसाद सपाट न राहता मध्य कंप्रता दबलेल्याच राहतात. प्रेझेन्स मात्र शक्तिवर्धकाच्या ऋण प्रतिपोषणातील तार कंप्रता घटवून त्या उठावदार करते. गेन हे बटण पूर्ववर्धकाला किती संकेत मिळावा हे ठरविते, तर मास्टर व्हॉल्यूम पूर्ववर्धकानंतरची पातळी ठरविते. बटणावरील 10 ही खूण कमाल शक्तीची निदर्शक नव्हे; ती शक्ती बहुधा त्याआधीच गाठली जाते.

गेन वाढवून मास्टर कमी ठेवल्यास अल्प आवाजातही पूर्ववर्धकाची विकृती मिळते. रॉक संगीतात हिला विशेष स्थान आहे (पहा : रॉक संगीत). कमी आवाजात मानवी कानाला मंद्र कंप्रता तुलनेने क्षीण ऐकू येत असल्याने, घरी केलेली बटणांची मांडणी रंगमंचावर बदलावी लागते (पहा : श्रवण).