जुन्या मोटारीचा विमा : तरुण चालकाने हप्ता कसा बेतावा?

भंडारा, प्रतिनिधी

पहिली नोकरी लागली तरी नवी मोटार घेण्याचे बळ सर्वांनाच नसते. मग दहा-बारा वर्षे वापरलेली एखादी छोटी मोटार घरी येते. तुमसर, साकोली, पवनी किंवा भंडारा शहरातून कामानिमित्त नागपूरकडे ये-जा करणाऱ्या तरुणांना ती सोयीचीही पडते. सौदा करताना इंजिन, टायर, रंग सारे पारखले जाते. विम्याचा कागद मात्र सर्वांत शेवटी आणि घाईत पाहिला जातो. कमी खर्चात योग्य विमा हवा असेल, तर हप्त्याचा कोणता भाग सरकार ठरवते आणि कोणता कंपनी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

वयाचा संबंध किती?

ब्रिटन-अमेरिकेत विशीतील चालकाला विम्यासाठी बरीच जादा रक्कम मोजावी लागते. आपल्याकडे तसे नाही. अपघातात इतरांना होणाऱ्या हानीची भरपाई देणारा ‘थर्ड पार्टी’ विमा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असून त्याचे दर सरकार ठरवते. ते इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतात. चालकाचे वय किंवा गाडीचे आयुर्मान त्यात पाहिले जात नाही.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस ७,८९७ रुपये वार्षिक हप्ता आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८०० सीसीच्या छोट्या गाडीला करासह सुमारे २,४७१ रुपये पडतात. या भागात घासाघीस होत नाही. कोणी यात मोठी सवलत देऊ करत असेल, तर पॉलिसी बनावट नाही ना, हे तपासावे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा हप्ता मात्र १ जानेवारी २००७ पासून दरमुक्त झाला. तेव्हापासून तो कंपनीगणिक बदलतो. म्हणून किमान तीन-चार कंपन्यांचे दर मागवावेत. २००२च्या दरपत्रकाने देशाचे दोन विभाग पाडले. मुंबई-पुण्यासह आठ महानगरे ‘अ’ विभागात आणि उर्वरित देश ‘ब’ विभागात गेला. भंडाऱ्याची, एमएच ३६ क्रमांकाची गाडी ‘ब’ विभागात येते व त्याचा मूळ दर कमी आहे.

सर्वसमावेशक विमा परवडतो का?

गाडीचे विमामूल्य, म्हणजे ‘आयडीव्ही’, पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या घसाऱ्याने काढले जाते. त्यानंतर ते कंपनी व ग्राहकाने परस्परसंमतीने ठरवायचे असते. हप्ता वाचवण्यासाठी ते अवाजवी कमी लावून घेऊ नये. गाडी चोरीस गेल्यास तेवढीच रक्कम हाती येते.

दुरुस्तीच्या दाव्यातही घसारा असतोच. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के कपात होते. प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरीवर ती गाडीचे वय कितीही असले तरी ५० टक्केच असते. उदाहरणादाखल, १० हजारांचा दरवाजा बदलला तर कंपनी ५ हजार धरेल. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट, १ हजार रुपये, गेली की सुटेभागापोटी हाती ४ हजार उरतात. शिवाय दाव्यामुळे ‘नो क्लेम बोनस’ जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. घसारा माफ करणारी ‘झीरो डेप’ जोड जुन्या गाड्यांना बहुधा मिळत नाही.

म्हणून गाडीची किंमत फारच उतरली असेल, तर केवळ थर्ड पार्टी विमा घेणे हिशेबाचे ठरू शकते. चोरी व आगीचे संरक्षण त्यासोबत जोडता येते.

मात्र पुराचे संरक्षण सर्वसमावेशक पॉलिसीतच मिळते. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरातील वस्त्यांत शिरले होते. ज्यांची घरे नदीकाठच्या सखल भागात आहेत, त्यांनी हा मुद्दा सोडू नये. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन निकामी झाले, तर तो दावा सहसा फेटाळला जातो, हेही लक्षात असावे.

मित्र गाडीत बसले असतील तर?

केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी मोटारीतील प्रवाशांची जोखीम समाविष्ट नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून हे स्पष्ट झाले आहे. चार मित्रांना घेऊन निघालेली गाडी उलटली, तर त्यांच्या भरपाईचा भार मालकावर येऊ शकतो. त्यामुळे प्रवाशांसाठी जोड संरक्षण जरूर विचारावे. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. तेवढ्याच रकमेचा असा विमा आधीच असेल, तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

नावबदल आधी

जुनी गाडी विकत घेतल्यावर थर्ड पार्टी विमा कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे आपोआप जातो. ओन डॅमेजचे तसे नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा, अन्यथा दावा अडतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस खरेदीदाराला मिळत नाही, कारण तो गाडीचा नसून व्यक्तीचा असतो. आरसी बुकावर आपले नाव चढवून घेणेही तितकेच निकडीचे. नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. नावबदल न झाल्यास अपघाताची जबाबदारी जुन्या मालकाच्या गळ्यात पडते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क वाढले आहे. गाडीचा सौदा करताना हा खर्चही धरावा.

हप्ता कमी करण्याचे मार्ग

* एआरएआयने (ARAI) मान्यता दिलेले चोरीप्रतिबंधक उपकरण बसवावे.
* किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने करण्याची तयारी असेल, तर ऐच्छिक वजावट वाढवावी.
* गाडी कमी चालत असेल, तर किलोमीटरवर आधारित जोड विचारावी. जुलै २०२२ पासून तिला परवानगी आहे.
* लहानसहान दावे टाळून बोनस जपावा.
* मुदत चुकवू नये. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की जमा झालेला बोनस जातो.

विमा नसताना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २ हजार व पुन्हा सापडल्यास ४ हजार रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. पण दंड ही लहान बाब. अपघातात कोणी दगावले, तर भरपाईचा आकडा लाखांत जातो आणि विमा नसेल तर तो मालकाच्या घरादारातून, शेतजमिनीतून वसूल होतो. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर कंपनी पीडितांना भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. कंपनीने दावा विनाकारण अडवल्यास विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.