राणी केतेवानचे हाड

जुन्या गोव्याला सहल नेणारे आपण शिक्षक बहुधा बाँ जेझूचे चर्च दाखवतो, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी मुलांना थोडे थांबू देतो आणि परत फिरतो. तिथून जवळच्याच टेकडीवर जांभ्या दगडाचा ४६ मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे. तो ऑगस्टिनियन पंथाच्या मठाचा. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांना हद्दपार केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. या पडक्या मठात सापडलेल्या एका हाडाची ही हकीकत आहे.

केतेवान ही जॉर्जियातील काखेती राज्याची राणी, राजा तैमुराझ याची आई. इराणचा शाह अब्बास पहिला याने तिला शिराझ येथे सुमारे दहा वर्षे कैदेत ठेवले. धर्म बदलण्यास तिने नकार दिला, तेव्हा १६२४ मध्ये हालहाल करून तिला ठार मारण्यात आले. जॉर्जियाच्या चर्चने तिला संतपद दिले. शिराझमध्ये त्या वेळी ऑगस्टिनियन धर्मगुरू होते. त्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे उकरून काढले आणि त्यांतील काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. मठातील एका दालनात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत ते ठेवले, अशी नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे.

'दुसरी खिडकी' हे दोन शब्द फार मोलाचे ठरले. १९८९ पासून जॉर्जियातील अभ्यासक गोव्यात येत राहिले, पण छत पडलेल्या मठात ती खिडकी कोणती हेच कळेना. अखेर २००४ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात दालनाची रचना उलगडली आणि फुटक्या पेटीच्या अवशेषांजवळ हाताचे एक लांब हाड मिळाले. आसपास आणखी दोन हाडे मिळाली.

संतांच्या अवशेषांच्या बाबतीत शंका घ्यायला जागा असतेच. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक आपल्याकडे आहे, असे रोम, आमियँ आणि दमास्कस या तिन्ही ठिकाणी सांगितले जाते! म्हणून हाडे हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राकडे (सीसीएमबी) गेली.

चारशे वर्षे गोव्याच्या उष्ण, दमट हवेत राहिलेल्या हाडात डीएनएचे तुकडेच उरतात. पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या प्रती दोन, तर तंतुकणिकांतील (मायटोकाँड्रिया) डीएनएच्या शेकडो-हजारो. त्यामुळे तंतुकणिकांचा डीएनए हाती लागण्याची शक्यता जास्त. तो फक्त आईकडून मुलांकडे जातो. त्यात पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या बारीक बदलांवरून माणसाचा मातृवंशगट ओळखता येतो.

त्या लांब हाडाचा गट निघाला 'यू१बी'. भारतीय उपखंडातील सुमारे २२ हजार लोकांच्या माहितीत तो आढळला नाही. जॉर्जियातील ३० जणांत दोघांकडे तो होता. शेजारच्या दोन हाडांचे गट मात्र दक्षिण आशियातले निघाले. आम्हांला या दोन हाडांचे महत्त्व कमी वाटत नाही. जुन्या हाडांच्या तपासणीत मोठी भीती असते ती हाताळणाऱ्यांच्या डीएनएची. उत्खनन करणारे आणि तपासणारे बहुतेक भारतीय. त्यांचा डीएनए मिसळला असता तर पहिल्या हाडातही भारतीय गटच दिसला असता.

मग हे हाड राणीचेच, हे सिद्ध झाले का? इथे घाई करू नये. 'यू१बी' हा जॉर्जियाप्रमाणेच आसपासच्या प्रदेशांतही आढळतो, आणि सतराव्या शतकातले गोवे हे देशोदेशींच्या लोकांचे बंदर होते. हा गट केतेवानचा होता तसाच तिच्या बहिणीचा, मावशीचा आणि तिच्याशी काहीही नाते नसलेल्या हजारोंचा असू शकतो. रशियाच्या झारच्या कुटुंबाच्या अस्थी तपासताना ही अडचण बरीच सुटली होती, कारण इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची आजी (आईची आई) ही झारिनाची सख्खी बहीण. त्यांचे रक्त घेऊन ताडून पाहता आले. केतेवानच्या हाडाशी ताडण्यासाठी तिच्या मातृवंशातले असे कोणी हाताशी नव्हते.

म्हणजे डीएनएने एवढेच सांगितले की हे हाड इथल्या माणसाचे दिसत नाही आणि जॉर्जियन माणसाचे असू शकते. नाव सांगितले ते जुन्या कागदाने, जागा दाखवली ती उत्खननाने. तिन्ही साक्षी एकमेकींना पूरक आहेत, पण त्यांतली एकटी कोणतीही पुरेशी नाही. वर्गात हा प्रश्न जरूर घालावा: समजा, ती नोंदच उपलब्ध नसती, तर 'यू१बी' या निष्कर्षावरून आपण काय म्हणू शकलो असतो?

'मायटोकाँड्रियन' या नियतकालिकात २०१४ मध्ये हा शोधनिबंध आला. त्याच्या शीर्षकातच हे हाड केतेवान राणीचे 'बहुधा' आहे, असे म्हटले होते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत असे शब्द बहुतेक वेळा गळतात.

२०१७ मध्ये हे अवशेष काही महिन्यांसाठी जॉर्जियात दर्शनाला नेले गेले. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे त्यांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा भेट दिला.