डबल बारला पाण्याची जागा

रविवारी सकाळी अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईच्या बोटीतून सायकली उतरतात. कार्बनच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, एका हाताने उचलता येतील इतक्या हलक्या. प्रत्येकीच्या दांडीवर एक, बहुधा दोन बाटल्या. त्याच रस्त्यावर पावाची टोपली लादून चाललेली काळी डबल बार सायकल मात्र पाण्याच्या बाबतीत कोरडीठाक. तिला बाटली लावायची म्हटली तर लावायची कुठे? सायकल बनवणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

नव्या सायकलीच्या खालच्या दांडीला दोन आटेदार भोकं असतात. त्यांच्यात ६४ मिलिमीटर अंतर, त्यात बसणारे स्क्रू ५ मिलिमीटरचे. होल्डर कुठल्याही देशातला आणा, बसतो. मामला इतका सरळ व्हायला मात्र बराच काळ गेला. ‘टूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षं शर्यतवीर बूच लावलेल्या धातूच्या बाटल्या हँडलवरच अडकवून नेत. होल्डर दांडीवर उतरला तोही पट्टीने आवळलेला. पातळ पोलादी नळी डाग देण्यासाठी तापवली की कमजोर होते, म्हणून चांगले कारागीर तिला जास्तीचं काही जोडायला राजी नसत. फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली या दोन इटालियन प्रतिस्पर्ध्यांचा, घाट चढताना एकच बाटली दोघांच्या हातांत असलेला १९५२ चा फोटो प्रसिद्ध आहे. बाटली कोणी कोणाला दिली, यावर इटलीत वर्षानुवर्षं वाद चालला. तेव्हाही पाणी सायकलवर असण्याइतकंच ते कोणाकडून तरी मिळण्यावर भिस्त होती.

आपल्याकडची सायकल या शर्यतींच्या घराण्यातली नव्हेच. इंग्लंडमध्ये रोजच्या कामासाठी बनणारी दणकट सायकल इथे आली आणि इथल्या ओझ्यांसाठी तिचं वर दोन दांड्या असलेलं ‘डबल बार’ रूप रुळलं. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो अशा कंपन्या उभ्या राहिल्या आणि २८ इंची चाकांचा हा काळा घोडा गावोगाव पोचला. चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, घंटी, हवेचा पंप, डायनामो, सगळ्यांची सोय होती. तहानेची तेवढी नव्हती.

अलिबागच्या अष्टागरात या सोयीची गरजही नव्हती. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा, आणि वाडी म्हटली की विहीर आलीच. त्या विहिरींवर रहाट चालत. इथल्या जमिनीची गंमत अशी की चहूबाजूंनी समुद्र असलेल्या कुलाबा किल्ल्यातही गोडं पाणी लागतं. अलिबागहून रेवदंड्याला जाणारा माणूस सतरा-अठरा किलोमीटरांत कुठेही सायकल कुंपणाला टेकवून पाणी मागू शकत होता. चैत्र-वैशाखात कोणाच्या तरी स्मरणार्थ पाणपोई असायची: ओलं फडकं गुंडाळलेला रांजण आणि साखळीने बांधलेला पेला. पेल्याला साखळी का, हे सांगायची गरज नाही.

पण याच तालुक्याची दुसरी बाजू खारेपाटाची. पोयनाड, शहापूर, चरी या भागात खाडीला बांध घालून शेती काढली. खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा चरीचा संप झाला तो याच मातीत. पावसाळ्यात इथे गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची वणवण, कारण जमिनीखालचं पाणी मचूळ. अशा टंचाईच्या गावांत, मग ती कोकणातली असोत की मराठवाड्यातली, सायकलवर पाणी चढलं ते बाटलीतून नव्हे. कॅरियरच्या दोन बाजूंना दोन प्लास्टिकच्या घागरी, जमल्यास एक मधल्या त्रिकोणात. मग सायकलवर बसता येत नाही, ती हाताने ढकलत न्यायची. दूधवाल्यांनी हीच युक्ती पक्की केली. कॅरियरला लोखंडी आकडे आणि आकड्यांत किटल्या. तेव्हा पातळ पदार्थ सायकलवर कसा न्यायचा, हे आपल्याला शिकवायला नको होतं. फक्त ते पाणी आणि ते दूध चालवणाऱ्याच्या घशासाठी नसायचं.

स्वतःची तहान सोबत बांधून निघालेली मुंबईकर मंडळी फार पूर्वी होऊन गेली, पण ती अपवादाची. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. इराण-इराकच्या वाळवंटातून जाणाऱ्याला कुंपणापलीकडून हाक मारून कोण पाणी देणार?

कोकणच्या रस्त्यावर बाटली आली ती १९९० नंतर, आणि आधी आली ती विकतची. पाणपोया ओस पडू लागल्या, वाड्यांना बंगल्यांची फाटकं लागली. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. सायकल घेऊन येणं सोपं झालं आणि भाड्याच्या, जुन्या, विचित्र फ्रेमच्या सायकलींनाही होल्डर हवासा वाटू लागला.

इथे मेकॅनिकची कसोटी लागते. डबल बारच्या दोन दांड्यांमध्ये बाटली मावत नाही, सीटखालच्या नळीवर बहुतेक वेळा पंप असतो. लेडीज सायकलला वरची दांडीच नसते. त्रिकोण नाही, त्यामुळे बाटली एकतर गुडघ्याला लागते नाहीतर खड्ड्यात उडते. फोल्डिंगची नळी तर मनगटाएवढी जाड. मग कारागीर जुन्या ट्यूबची पट्टी कापतो, रंग खरवडू नये आणि पकड यावी म्हणून ती नळीवर दोन वेढे गुंडाळतो, वरून जुबली क्लिपने होल्डर आवळतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहतो, पायडल उलटं फिरवतो, बाटली काढून-घालून बघतो. कुठेच जागा नसली तर सरळ हँडलवर, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या शर्यतवीरांच्या जागी. होल्डर घट्ट बसला तरी बाटलीचं दुखणं उरतंच: तो साधारण ७३ मिलिमीटर जाडीच्या बाटलीसाठी असतो. टपरीवरची लिटरची बाटली त्यात शिरत नाही आणि अर्ध्या लिटरची वाटभर खडखडते.

भोकं असलेल्या सायकली सुखी, असंही नाही. खारी हवा स्क्रू धरते. दोन पावसाळे हात न लावलेला लोखंडी स्क्रू काढायला गेलं की डोकं तुटून येतं आणि उरलेला भाग नळीत अडकतो. अलिबागेत म्हणून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि बोटभर ग्रीस. डबल बारला ही कटकट नाही. तिची क्लिप गंजली तर कापून टाकायची आणि हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणायची.