खंडोबाच्या धातुमूर्ती

महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक ह्या प्रदेशांतील खंडोबा ह्या लोकदैवताच्या कथेवर आधारलेल्या ओतीव मूर्ती व उठावाचे टाक. मणी व मल्ल ह्या दैत्यांचा वध आणि वाणी कुळातील म्हाळसा व धनगर कुळातील बाणाई ह्यांच्याशी विवाह, हे ह्या कथेचे मुख्य भाग होत. अहमदपूर, कंधार परिसरातील भाविकांचे प्रमुख ठाणे म्हणजे माळेगाव (ता. लोहा, जि. नांदेड). मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे मोठी यात्रा व जनावरांचा बाजार भरतो.

सर्वांत बोलका प्रकार अश्वारूढ मूर्तीचा. घोड्यावर खड्गधारी खंडोबा, त्याच्यासोबत म्हाळसा, खाली दैत्य व धावणारा कुत्रा, एवढी सारी कथा वीतभर उंचीत बसविलेली असते. अवयवांच्या प्रमाणबद्धतेपेक्षा ओळख पटण्याला कारागिराने महत्त्व दिले आहे. घोडा लहान, स्वार मोठा, डोळे वटारलेले. संग्रहालयांत अशा मूर्तींना सरसकट ब्राँझ म्हणतात. पण पुष्कळ मूर्ती पितळेच्या असतात, म्हणजे त्यांत तांब्याबरोबर कथिल नसून जस्त असते. मेणाचा नमुना मातीत लिंपून, मेण वितळवून त्याजागी धातुरस ओतण्याची रीत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लास ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात वर्णिली आहे. टाक मात्र पत्र्यावर ठोकून घडवितात.

ह्या मूर्ती मूलतः चौकासाठी नाहीत. त्या देवघरात असतात. उत्सवमूर्ती पालखीतून लोकांसमोर येतात. जेजुरीची पालखी सोमवती अमावास्येस कऱ्हेवर स्नानाला जाते. ब्राँझचा अश्वारूढ स्वार चौकात आला तो ऐतिहासिक पुरुषाच्या रूपाने : वि. पां. करमरकरांचा पुण्यातील शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. जर्मनीतील ब्रेमेन येथे लोककथेतील चार प्राण्यांचे गेर्हार्ट मार्क्सकृत ब्राँझशिल्प १९५३ पासून रस्त्यालगत आहे. त्यातील गाढवाचे पाय लोकांच्या स्पर्शाने चकचकीत झाले आहेत.

देवघरातील मूर्तीही हळद, अभिषेक व घासण्याने झिजतात. लग्नकार्यापूर्वी देव उजळून घेतात, तेव्हा जीर्ण टाक मोडून नवे घडविण्याचीही चाल आहे. त्यामुळे जुन्या मूर्ती थोड्या राहिल्या आणि बहुतेकींवर लेख नसल्याने कालनिश्चिती शैलीवरूनच करावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण आहे. तथापि देवघरातून बाजारात गेलेल्या मूर्तीचे गाव व कुळ बहुधा कायमचे हरवते.