जीपचं कूळ : टोलेडो ते ताम्हिणी

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पौड सोडून मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे निघालं, की एका तोंडवळ्याच्या गाड्या हटकून दिसतात. उभं नाक, दोन गोल दिवे, मध्ये उभ्या फटींची जाळी, चौकोनी अंग आणि पाठीवर टांगलेलं जादाचं चाक. बहुतेक गाड्या महिंद्रच्या थार असतात. धबधब्याशी फोटो काढणाऱ्या पोरांना ती आजची गाडी वाटते. त्यांच्या आजोबांच्या पिढीने मात्र हाच तोंडवळा मामलेदाराच्या दौऱ्यात, निवडणुकीच्या कर्ण्यामागे आणि वऱ्हाडाच्या गर्दीत पाहिलेला आहे. त्या पिढीसाठी ती जीप होती, मग ती कुणी का बनवली असेना.

अमेरिकी मोटारधंद्याचं पुढे काय होणार, हा प्रश्न आज वॉशिंग्टन आणि डेट्रॉइटमध्ये जकातीच्या भाषेत विचारला जातो. मला तो या तोंडवळ्याच्या मागावर जाऊन विचारावासा वाटतो. अमेरिकेने जगाला दिलेल्या गाड्यांपैकी महाराष्ट्राने सगळ्यात जास्त आपलीशी केली ती हीच, आणि परदेशी स्पर्धक कसा जन्माला येतो हे तिच्या वंशावळीइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

तिचं मूळ युद्धात आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची मागणी पाठवली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम नावाची जवळजवळ बुडालेली कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. एवढ्या लहान कंपनीला हजारो गाड्यांचं काम झेपेल, यावर लष्कराचा विश्वास बसला नाही. बँटमचे आराखडे टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या हाती गेले. विलिसने ६० अश्वशक्तीचं दणकट इंजिन दिलं, ते बार्नी रूस यांच्या हातचं. पत्रा दाबून एकसंध बनवलेली उभ्या फटींची जाळी फोर्डची. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या होत्या.

म्हणजे ज्या चेहऱ्यावर पुढे मालकी सांगितली गेली, तो तीन घरांनी मिळून घडवला होता. १९४८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानेच विलिसला बजावलं, की जीप आम्ही निर्माण केली असं जाहिरातीत म्हणू नका. तरी १९५० मध्ये नावाची नोंद विलिसच्याच पदरात पडली. बँटमला काहीच मिळालं नाही.

युद्ध जिथे जिथे गेलं तिथे जीप मागे राहिली, आणि जिथे राहिली तिथे कुणीतरी ती उघडून पाहिली. वेल्समधल्या शेतावर जुनी जीप वापरणाऱ्या, रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांना तिच्या तोडीची गाडी आपणच करावी असं वाटलं, आणि १९४८ मध्ये लँड रोव्हर आली. कोरियाच्या युद्धाच्या निमित्ताने १९५१ मध्ये टोयोटाने जीपसारखी गाडी बांधली. जीप या नावावर हरकत आल्यावर तिचं नाव लँड क्रूझर झालं. मित्सुबिशीने १९५३ पासून रीतसर परवान्यावर जीप बनवली. अमेरिकेला पुढे जे जपानी स्पर्धक छळणार होते, त्यांतल्या दोघांनी अशी अमेरिकी गाडीवरच उमेदवारी केली होती.

महाराष्ट्रात अमेरिकी मोटार त्याच्याही आधी आली होती. मुळशी तालुक्याचा कारखान्यांच्या जगाशी संबंध जुना आहे, आणि कडूही. टाटांच्या धरणासाठी इथली गावं पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं, आणि तरीही गावं बुडाली. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरून १९२७ पासून वीज होऊन मुंबईकडे जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने मोटारी जुळवायला सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत, इथले कामगार ते जोडत. फोर्डचंही मुंबईत तसंच काम चाले. वालचंद हिराचंद यांना हे जुळणीचं काम पुरेसं वाटत नव्हतं, त्यांना देशात मोटार बनवायची होती. क्रायस्लरशी करार करून त्यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला डॉज, प्लिमथ तयार होऊ लागल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारलेला प्रश्न सरळ होता : भाग इथे बनवणार का? ज्यांच्याकडे तशी योजना आहे त्यांनीच राहावं, असं धोरण १९५३ मध्ये ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. दोष एकट्या सरकारच्या धोरणाला देण्याची पद्धत आहे. ते धोरण पुढे फार आखडलं आणि गिऱ्हाइकाला त्याचा जाच झाला, हे खरंच. पण त्याच नियमाखाली, त्याच शहरात एक अमेरिकी गाडी टिकली. तिचे मूळ मालक मात्र तिथे नव्हते.

के. सी. महिंद्र युद्धकाळात भारताच्या खरेदी मंडळाच्या कामासाठी अमेरिकेत होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली आणि भारताच्या रस्त्यांना हीच गाडी लागेल हे त्यांच्या मनाने घेतलं. भाऊ जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासह त्यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. १९४७ पासून तिने मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढच्या दशकात परवाना घेऊन भागही इथेच बनवायला घेतले.

त्यानंतर जे घडलं ते एका वर्षात, एका घोषणेत घडलेलं नाही, म्हणूनच ते नीट पाहावं लागतं. पेट्रोल परवडेना तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिन बसलं. फ्रान्सच्या प्युजोशी करार होऊन इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. माणसं जास्त बसावीत म्हणून सांगाडा लांबला, मागे समोरासमोर बाकं आली. एसटी दिवसातून एकदाच येणाऱ्या गावांना बाजार, दवाखाना आणि कॉलेज गाठून दिलं ते या जीपने. पाटा तुटला तर गावातला लोहार सांधून देई, आणि फिटरला तिचा प्रत्येक बोल्ट पाठ असे. टोलेडोच्या कुणा अभियंत्याने हा वापर कल्पिला नव्हता. गिऱ्हाइकाने मागितलं, मेकॅनिकने सुचवलं, कारखान्याने बदललं, असं वर्षानुवर्षं चालत गाडी इथली झाली.

तिकडे अमेरिकेत जीप या नावाला मात्र एक घर लाभेना. १९५३ मध्ये विलिस कैसरकडे गेली, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. क्रायस्लर जर्मनांच्या डेमलरकडे गेली, २००९ च्या दिवाळखोरीनंतर इटलीच्या फियाटकडे. २०२१ पासून ती स्टेलांटिसची आहे आणि त्या कंपनीची नोंदणी नेदरलँड्समध्ये आहे. अमेरिकेची सर्वांत अमेरिकी गाडी आता अमेरिकी कंपनीची उरलेली नाही.

उदारीकरणानंतर अमेरिकी कंपन्या परत आल्या. फोर्डने १९९५ मध्ये महिंद्रशी भागीदारी केली आणि नाशिकला एस्कॉर्ट ही मोटार तयार होऊ लागली. युरोपात वय झालेली ती गाडी इथे फार चालली नाही. भागीदारीही लवकरच सुटली, फोर्ड चेन्नईला गेली. भारतासारख्या बाजारासाठी घडवलेली आयकॉन तिने १९९९ मध्ये आणली तेव्हा मात्र लोकांनी ती घेतली, हे इथे सांगायला हवं. महिंद्रने त्या सहवासातून शिकायचं ते शिकून घेतलं. डेट्रॉइटजवळ जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रात चौदा वर्षं काढून १९९३ मध्ये परतलेले पवन गोएंका त्यांच्याकडे होते. त्यांच्या नेतृत्वाखाली स्कॉर्पिओ घडली आणि २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून रस्त्यावर आली. अमेरिकेने शिकवलेलं ज्ञान होतं, पण गाडी कुणासाठी करायची हे ठरवणारी माणसं इथली होती.

मुळशीच्या शेजारी, मावळात, याची दुसरी बाजू दिसते. जनरल मोटर्सने सप्टेंबर २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू केला. त्याच महिन्यात अमेरिकेची अर्थव्यवस्था कोसळू लागली आणि १ जून २००९ ला खुद्द कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तळेगावच्या कामगारांकडे कसबाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती शेवरले या नावाखाली काय विकायचं याच्या उत्तराची. स्पार्क आणि बीट मुळात कोरियाच्या देवूच्या घरातल्या, टवेरा जपानच्या इसुझूच्या, सेल चीनमधल्या भागीदारीतून आलेली. त्याआधीच्या अ‍ॅस्ट्रा आणि कोर्सा जर्मनीच्या ओपेलच्या. भारताच्या गिऱ्हाइकाला नजरेपुढे ठेवून, त्याच्या हिशेबाने पहिल्या रेघेपासून काढलेली गाडी या यादीत सापडत नाही.

२०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली. तळेगाव निर्यातीवर, मुख्यतः मेक्सिकोवर, चालू राहिलं आणि डिसेंबर २०२० मध्ये बंद पडलं. हजाराहून जास्त कामगारांनी न्यायालयात आणि रस्त्यावर झगडा दिला. चीनच्या ग्रेट वॉलशी झालेला विक्रीचा व्यवहार अडकून फिस्कटला. शेवटी कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घेतला, जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतर पूर्ण झालं. तळेगावातून ज्या मेक्सिकोला गाड्या जात, तिथे शेवरलेच्या नावाने आता चीनमध्ये बनलेल्या गाड्या विकल्या जातात. या साखळीत माझं मन अडकतं ते त्या कामगारांपाशी. त्यांनी बनवलेली गाडी वाईट होती म्हणून त्यांचं काम गेलं नाही.

जीपच्या वंशावळीतला सगळ्यात विलक्षण प्रसंग मात्र अमेरिकेत घडला. २०१८ मध्ये महिंद्रने मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स इथे रॉक्सर नावाची गाडी बांधायला घेतली. ती जुन्या जीपच्या सांगाड्यावरची, शेतात आणि रानात चालवायची होती. सार्वजनिक रस्त्यावर तिला परवानगी नव्हती. क्रायस्लरचं मुख्यालय त्याच गावात. तिच्या तेव्हाच्या मालक कंपनीने त्याच वर्षी अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली : या गाडीने आमच्या जीपचा चेहरा उचलला आहे. २०२० च्या जूनमध्ये आयोगाने तक्रार मान्य करून रॉक्सरची विक्री रोखली. महिंद्रने जाळी आणि नाक बदललं, आणि डिसेंबरात नव्या रूपाला मोकळीक मिळाली. कायद्याने निकाल बरोबर असेल. इतिहासाने पाहिलं तर ज्या हाताला विलिसनेच काम शिकवलं, तोच हात सत्तर वर्षांनी तिच्या वारसांच्या गावात उभा होता, आणि वारसांकडे त्याला सांगण्यासारखं पहिलं वाक्य होतं ते चेहऱ्याच्या मालकीचं.

या वेळेपर्यंत खरी जीपही पुणे जिल्ह्यात पोचली होती. २०१७ पासून रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या कारखान्यात, कंपास तयार होते आणि उजवीकडे चाक असणाऱ्या देशांना जाते. मुळशी तालुक्यातच, हिंजवडीत, टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय आहे. या कंपनीने २००५ मध्ये मिशिगनमध्ये पाय रोवलेली इनकॅट ही अभियांत्रिकी कंपनी घेतली, आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वतः आखलेल्या विजेच्या मोटारीचा नमुना डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडला. भाताची खाचरं भरून उभ्या राहिलेल्या त्या इमारतींत आज जगभरच्या मोटारींचे भाग आणि त्यांच्या संगणक-प्रणाली आखल्या जातात.

अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी विजेच्या मोटारींवर शंभर टक्के जकात लावली, आणि २०२५ मध्ये बहुतेक आयात मोटारींवर पंचवीस टक्के. हलक्या ट्रकवरची पंचवीस टक्के जकात तर १९६४ पासून आहे. त्या आडोशाला बसून डेट्रॉइटने मोठे पिकअप ट्रक बनवले, त्यांवर भरपूर कमावलं, आणि लहान मोटार जपानी-कोरियन कंपन्यांना सोडून दिली. फोर्डने २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक मोटारी बंद करायचं ठरवलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली जवळजवळ निम्मी विक्री जनरल मोटर्सची होती. आता ती साधारण सहाव्या हिश्श्यावर आली आहे. आडोसा घरच्या बाजारापुरता असतो. मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे तो कामाला येत नाही, आणि पुढच्या गाड्यांचा मोठा खप तिथेच आहे.

फोर्ड आणि महिंद्र २०१९ मध्ये पुन्हा एकत्र येणार होते. ५१ टक्के महिंद्रचे, ४९ फोर्डचे, असा करार झाला होता. २०२० च्या अखेरीस तो मोडला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि साणंदचा तिचा कारखाना टाटांनी विजेच्या मोटारींसाठी घेतला. तो करार टिकला असता तर डेट्रॉइटच्या एका कंपनीला भारतीय रस्ता जाणणारे अभियंते घरचे म्हणून मिळाले असते. आज तेच अभियंते नाशिक, चाकण आणि हिंजवडीत बसून, चिनी स्पर्धेला उत्तर म्हणून, आपापल्या कंपन्यांच्या विजेच्या गाड्या आखत आहेत.